रस्त्यावरच्या मुलांचे चित्रपट आणि ‘उदात्तीकरणा’चा आरोप

रस्त्यावर उभे राहून पुरुषांना शरीर विकणाऱ्या तरुणांवरील चित्रपटांविषयी पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे असे : हे चित्रपट धंद्याचे उदात्तीकरण करतात, मुलांना समलिंगी बनवतात, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ गेल्यापासून हा प्रकार कायदेशीरच झाला आहे आणि पुण्याच्या संस्कृतीत तो बसत नाही. उदाहरणादाखल ‘मिडनाइट काउबॉय’ (१९६९) आणि ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’ (१९९१) यांची नावे दिली आहेत. लिहिणाऱ्याने ते पाहिले असावेत असे मात्र वाटत नाही.

‘मिडनाइट काउबॉय’चा नायक जो बक टेक्सासमधले भांडी घासण्याचे काम सोडून, श्रीमंत बायका आपल्यावर पैसे उधळतील अशा समजुतीने न्यूयॉर्कला येतो. पहिल्याच बाईकडे तो पैशाचा विषय काढतो तेव्हा ती रडू लागते आणि शेवटी हाच खिशातले वीस डॉलर तिला देऊन बसतो. पुढे पोटाची भ्रांत पडल्यावर तो चित्रपटगृहाच्या अंधारात एका विद्यार्थ्याबरोबर बसतो, तर त्या पोराकडे द्यायला दमडी नसते. ‘आयडाहो’तल्या माइकला कुठेही अचानक झोप लागण्याचा आजार आहे, अखेरीस तो निर्मनुष्य रस्त्यावर निपचित पडलेला असताना गाडीतून आलेले दोघे त्याची पिशवी आणि पायातले बूटसुद्धा काढून नेतात. याला उदात्तीकरण म्हणायचे, तर ‘एकच प्याला’ ही दारूची जाहिरात ठरेल.

‘समलिंगी बनवतात’ हा आरोप तर ‘आयडाहो’तल्या शेकोटीच्या प्रसंगापुढे टिकतच नाही. माइकबरोबर हाच धंदा करणारा, महापौरांचा मुलगा स्कॉट तिथे सांगतो की आपण पुरुषांबरोबर जातो ते केवळ पैशासाठी, आणि दोन पुरुषांचे एकमेकांवर प्रेम बसूच शकत नाही. माइक त्याला अडखळत सांगतो की पैसे न मिळताही आपण प्रेम करू शकतो. धंदा आणि लैंगिक कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवले गेले असेल. स्कॉट पुढे बायको आणि बापाची इस्टेट घेऊन मोकळा होतो. माइकला परतायला घरच नसते. मला तरी चित्रपटाचा खरा विषय हाच वाटतो.

कायद्याविषयीचे विधान सरळ चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील, परस्परसंमतीचे, खासगीतले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. धंद्याला परवानगी दिली नाही. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे कलम ८ कायम असून, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधणाऱ्या पुरुषाला त्याखाली सात दिवस ते तीन महिने कैद होऊ शकते. मूळ १९५६ च्या कायद्याच्या नावात फक्त ‘स्त्रिया व मुली’ होत्या. पुरुष आणि मुलगेही त्याच्या संरक्षणाखाली आले ते १९८६ च्या दुरुस्तीने. अठरा वर्षांखालील मुलगा असेल, तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा त्याची संमती विचारातच घेत नाही.

राहिली पुण्याची संस्कृती. प्रभात फिल्म कंपनीने १९३९ साली पुण्यातच ‘माणूस’ हा चित्रपट काढला आणि त्यात एका वेश्येला नायिका केले. त्याच प्रभातच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे.

असे चित्रपट लहान मुलांना दाखवू नयेत, ही मजकुरातली एक सूचना तेवढी रास्त आहे. ते प्रौढांसाठीच बनवलेले आहेत.