काकूंची ग्रॅच्युइटी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या काकूंनी परवा आपले पाळणाघर बंद केले. २७ वर्षे चालवलेले पाळणाघर. गुडघे आता साथ देत नाहीत, एवढेच त्यांनी पालकांना सांगितले. रविवारी सगळ्यांनी मिळून त्यांचा निरोपसमारंभ करावा, असे मी आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सुचवले. दहा मिनिटांत उत्तर आले, "अहो, फुकट थोडेच सांभाळत होत्या? महिन्याच्या महिन्याला पैसे घेत होत्या की." त्याखाली तीन अंगठे उमटले. हे लिहिणारी बाई माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तिचे दोन्ही मुलगे काकूंच्या हातचा वरणभात खाऊन मोठे झाले आणि ती स्वतः आज मोठ्या हुद्द्यावर आहे. त्या एका वाक्यामुळे दिवसभर माझे कामात लक्ष लागले नाही.

होय, काकू पैसे घेत होत्या. घ्यायलाच हव्या होत्या.

२६ जुलै २००५ चा दिवस मी अनेकदा सांगितला आहे, आज पुन्हा सांगते. माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती, नवरा कामानिमित्त नाशिकला होता आणि मी फोर्टमधल्या कार्यालयात होते. फोर्टमध्ये पाऊस नेहमीसारखाच होता. त्या २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर आणि सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर कळले. त्या दुपारी फक्त इतकेच कळले की गाड्या बंद आहेत आणि फोन लागत नाही. रात्र कार्यालयातच खुर्चीवर बसून काढली. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले आणि कुठे बस, कुठे ट्रक, बाकीचे अंतर पायी, असे करत रात्री साडेनऊला घरी पोहोचले. काकूंच्या तळमजल्यावरच्या घराला कुलूप होते आणि उंबऱ्यापर्यंत चिखल होता. त्या क्षणी माझे काय झाले ते मला आजही लिहिता येणार नाही.

पाणी घरात शिरू लागताच काकू पाचही मुलांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात एकाच गोधडीवर पाच मुले आडवी झोपली होती आणि काकू भिंतीला टेकून जाग्या होत्या. मी लेकीकडे धावले, तर त्या म्हणाल्या, "आधी पाय धू, मग तिला घे." मग त्यांनी माझ्या हातात वही दिली. प्रत्येक मुलाने काय खाल्ले, किती वेळ झोपले, हे त्या रोज त्या वहीत लिहून ठेवत असत. त्या पुरातसुद्धा त्यांनी ते लिहिले होते. आदल्या रात्रीच्या पानावर माझ्या लेकीच्या नावापुढे होते, "रात्री ९. मऊ भात, पाच घास. दाराकडे बघत होती. १० ला झोपली."

तेव्हा प्रसूतीची रजा १२ आठवडे मिळत असे. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ती २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. फार चांगली गोष्ट आहे. परंतु आमच्या वेळी तीन महिन्यांचे बाळ कोणाच्या तरी हातात देऊन सकाळची गाडी पकडावी लागत असे, आणि तो हात बहुधा एखाद्या काकूंचाच असे. 'बाईच बाईची शत्रू' हे वाक्य ज्यांना फार आवडते, त्यांनी तो हात कधी पाहिलेलाच नसतो. माझी बढती एकदा एका वरिष्ठ बाईंनीच अडवली होती, हे मला मान्य आहे. पण त्या एका बाईंची गोष्ट मी शंभर जणांना सांगितली आणि काकूंची दहा जणांनाही सांगितली नाही.

आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेपासून माहीत असतात आणि त्यांच्याबरोबर गोपाळरावही. थिओडिशिया कार्पेंटर हे नाव मात्र किती जणांना ठाऊक असते? अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या रोझेल या गावी राहणाऱ्या या बाईंनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात या दूरदेशीच्या मुलीविषयी वाचले आणि तिला पत्र लिहिले. १८८३ मध्ये आनंदीबाई तिथे उतरल्या तेव्हा त्यांच्यासाठी घर उघडले ते या बाईंनी. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या; त्यांच्या अस्थी समुद्रापार त्या मावशीकडेच गेल्या आणि पकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. पदवी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाने दिली हे खरेच. पण परक्या मुलुखात आपल्या पद्धतीने जेवणाऱ्या, साडी नेसणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला कोणाचे तरी स्वयंपाकघर आपले वाटले, तेही तितकेच खरे आहे.

सकाळी मी फार रागावले होते. आता राग थोडा उतरला आहे, कारण एक गोष्ट टोचते आहे. चार वर्षांपूर्वी मला विभागप्रमुख केले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना मी साहेबांचे आभार मानले, नवऱ्याचे मानले (त्याने त्याचा वाटा उचलला, यात शंका नाही), सासूबाईंचे मानले. काकूंचे नाव घेतले नाही. त्या रात्री, २७ जुलैला, लेकीला खांद्यावर घेऊन मी काकूंना म्हटले होते की उद्याच राजीनामा देते. त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ नकोस, झोप. परवा मात्र नेहमीच्या गाडीने जा. आज घाबरून घरी बसलीस तर दहा वर्षांनी हिच्यावरच चिडशील." पुढे माझी कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा होती तेव्हा चार महिने दर शनिवारी त्यांनी लेकीला ठेवून घेतले आणि शनिवारचे पैसे घेतले नाहीत. तेव्हा, फुकटही सांभाळले आहे.

मी हिशेब विभागात काम करते. माणूस निवृत्त झाला की त्याची ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी एकरकमी रक्कम, काढणे हे माझे रोजचे काम आहे. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला हिशेब सोपा आहे: शेवटचा मासिक पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. माझी लेक काकूंकडे नऊ वर्षे होती आणि शेवटच्या वर्षी मी त्यांना महिना २,६०० रुपये देत होते. आज दुपारी कागदावर आकडेमोड केली. १३,५०० रुपये होतात. माझ्या आजच्या पदापर्यंतची नऊ वर्षे, आणि एवढीच रक्कम! ती पाहून मला बराच वेळ काही सुचले नाही. काकूंना ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. कायदा आपल्याला हे द्यायला सांगत नाही, हे मला कोणी समजावू नये.

संध्याकाळी काकूंकडे जाऊन आले. त्या गोधड्या उन्हातून काढून घड्या घालत होत्या. समारंभाचे बोलले तर "कशाला उगाच?" म्हणाल्या, २००५ ची वही मागितली तर मात्र लगेच काढून दिली. ती आता माझ्यासमोर आहे. पुराच्या पाण्याने कडा फुगल्या आहेत, पण अक्षर स्पष्ट आहे.

ज्यांची मुले काकूंकडे वाढली त्यांनी रविवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या सभागृहात यावे. शाल-श्रीफळ नको आहे. आपला हिशेब आपण करावा आणि पाकीट आणावे. सकाळी उत्तर लिहिणाऱ्या ताईंनीही यावे, त्यांच्या मुलांची पाने याच वहीत आहेत. पाकिटावर स्वतःचे नाव न लिहिता मुलाचे लिहावे. काकू मुलांना नावाने ओळखतात. आपण सगळ्या त्यांच्या लेखी अजूनही अमक्याची आई आणि तमकीची आई आहोत.