एक्सएफसीई ४.२० आणि वेलँड: नेमकं काय चालतं

लिनक्सचा डेस्कटॉप एक्सएफसीई ४.२० ‘वेलँडवर चालतं’ असं एका लेखात एका वाक्यात उरकलंय, त्यात थोडी भर. वेलँड म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत, जुन्या एक्स११ च्या जागी येणारी. डिसेंबर २०२४ च्या या आवृत्तीत पॅनेल, डेस्कटॉप, थूनार हा फाइल मॅनेजर आणि सेटिंग्जचा बराच भाग वेलँडवर चालतो, पण प्रायोगिक म्हणून. एक्सएफडब्ल्यूएम४ हा एक्सएफसीईचा स्वतःचा विंडो मॅनेजर मात्र अजून एक्स११ पुरताच आहे. त्यामुळे खिडक्या सांभाळायला लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर हा वेलँडसाठीचा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो.

लोक अडकतात ते इथेच. खिडक्यांची थीम, शॉर्टकट, कडेला चिकटवणं हे एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये बदलून काही होत नाही, लॅबडब्ल्यूसीच्या आरसी.एक्सएमएल फाइलमध्ये लिहावं लागतं. देवनागरी कीबोर्डचंही तेच: लॅबडब्ल्यूसीच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ‘यूएस’ (इंग्रजी) आणि ‘आयएन’ (देवनागरी) हे दोन्ही लेआउट आणि ते बदलायची कळ लिहा, मग लॉगआउट करून परत या. पॅनेल पडद्याच्या कडेला जागेवर बसायला वेलँडमधला लेयर-शेल प्रोटोकॉल लागतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या मटर या विंडो मॅनेजरमध्ये तो नाही, म्हणून तिथे ते नीट बसणार नाही.

एक्सएफसीईच्या मोजक्या स्वयंसेवकांनी विंडो मॅनेजर आधी हाती न घेता लिबएक्सएफसीई४विंडोइंग ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा सामाईक कोड) आधी उभी केली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पॅनेलने खिडक्यांची यादी तिच्याकडे मागायची. खाली एक्स११ आहे की वेलँड, ते ती बघते. एकाच कोडवर दोन्ही चालतं, जुन्या मशीनवाल्यांचं काही मोडत नाही. रोजच्या कामाच्या संगणकावर सध्या एक्स११ सेशनच ठेवा.