पेटीत न राहणाऱ्या माश्या

सामूहिक बागेत भाजीचे पीक वाढवायचे असेल तर मधमाश्यांची पेटी आणून ठेवावी, असा सल्ला एका लेखात वाचला; तो मला अपुरा वाटतो. पेटीत नांदते ती सातेरी ही देशी मधमाशी किंवा परदेशी मेलिफेरा. आपली फुलोरी ही लहान मधमाशी मात्र फांदीवर उघड्यावर एकच लहानसे पोळे बांधते. आमच्या सोसायटीच्या बागेत डाळिंबावर असे पोळे होते, तोवर शेजारच्या वाफ्यातली काकडी आणि लाल भोपळा भरभरून धरत असे. कोणीतरी घाबरून फवारणीवाल्याला बोलावले, पोळे गेले आणि पुढच्या हंगामात आम्ही रोज सकाळी सातला भोपळ्याची नर फुले खुडून मादी फुलांवर टेकवत बसलो, कारण ते फूल दुपारपर्यंत मिटते.

वांगी धरण्याचे श्रेयही त्या लेखाने मधमाश्यांना दिले आहे, ते तर चुकीचेच आहे. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून बाहेर पडण्यासाठी फूल थरथरवावे लागते. ते काम मधमाशीला जमत नाही, भुंग्याला जमते. हा भुंगा वाळक्या ओंडक्यात किंवा बांबूत घर करतो, आणि नेमके तेच आपण स्वच्छता मोहिमेत सर्वांत आधी उचलून टाकतो.