राउटरला फॉइल गुंडाळून आखाड्यावर नेट पोहोचत नाही

परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. गाभा असा: गावातल्या घरचं वायफाय एक किलोमीटरवरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडवर, न्यायचं तर राउटरमागे अॅल्युमिनियम फॉइल लावा, सेटिंगमध्ये पॉवर फुल करा, लांब अँटेना बसवा, तरी कमी पडलं तर बूस्टर घ्या. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला जाते म्हणून लोकांना तिथं कॅमेरा हवा आहे. गरज खरी असल्यामुळेच या सल्ल्यापायी जाणाऱ्या पैशाची चीड येते.

आधी फॉइल. वक्र फॉइल लहरी एका बाजूला वळवतं, हे खरं. त्या बाजूला थोडी रेंज वाढते, मागची कमी होते. घरातली लांबची खोली साधायला एवढं चालतं. पण अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाई उरतो. अंगणात ३० मीटरवर जेमतेम मिळणारं नेट एक किलोमीटरवर तेवढंच मिळायला हवं असेल तर सिग्नल हजार पटींहून जास्त वाढवावा लागेल. फॉइल फार तर दोन-चार पट देतं. त्यात आपल्या माळवदाच्या घरांच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि शेडचे पत्रे. राउटर आत ठेवला तर बराचसा सिग्नल तिथंच अडतो.

‘पॉवर फुल करा’ हा सल्ला जास्त फसवा, कारण तो लागू पडल्यासारखा वाटतो. फोनवर रेंजच्या काड्या वाढतात आणि पेज मात्र उघडत नाही. राउटरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नाही. फोनचा अँटेना बोटभर आणि ताकद बेताची. राउटरची पॉवर वाढवून फोनची वाढत नाही. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायचा नेहमीचा पट्टा) विनापरवाना वापराची मर्यादा ठरलेली आहे: यंत्राची ताकद १ वॅट, आणि अँटेनाचा जोर धरून ४ वॅट.

लांब दांड्याचा अँटेना सिग्नल चहूबाजूंनी पसरवतो. आपल्याला तो एकाच आखाड्यावर हवा आहे. २००७ साली व्हेनेझुएलात दोन डोंगरांच्या मध्ये ३८२ किलोमीटर वायफाय चाललं, ते दोन्ही टोकांना एकमेकांकडे रोखलेल्या डिशच्या आणि मधल्या मोकळ्या जागेच्या जोरावर. दिशा देणारा अँटेना पाठवतानाही उपयोगी पडतो आणि ऐकतानाही, म्हणून तो दोन्हीकडे लागतो.

आणि ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे मधलं रान. मे महिन्यात ऊस तुटून गेलेला, कापूस उपटलेला. गच्चीवरून आखाडा स्पष्ट दिसतो. तेव्हा बसवलेली लिंक (दोन टोकांच्या अँटेनांमधली बिनतारी जोडणी) पावसाळ्यानंतर तुटायला लागते आणि यंत्राला दोष दिला जातो. प्रत्यक्षात मधे दहा-बारा फूट ऊस उभा राहिलेला असतो, बांधावरचा लिंब पानांनी भरलेला असतो. पाण्यानं भरलेलं पान सिग्नल शोषतं. नुसतं समोर दिसूनही भागत नाही, नजरेच्या रेषेभोवती जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झच्या एक किलोमीटर लिंकला मध्यावर रेषेच्या खाली-वर आणि दोन्ही अंगांना किमान दोन-सव्वादोन मीटर मोकळं हवं. म्हणजे मधे ऊस असेल तर दोन्ही टोकं जमिनीपासून वीस फुटांच्या आसपास न्यावी लागतात. पोलची उंची उभं पीक डोळ्यांपुढे आणून ठरवा.

राहिला बूस्टर. या नावानं दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. वायफाय रिपीटर आलेला सिग्नल पुढे पाठवतो. जिथं रेंजच नाही तिथं त्याच्याकडे पाठवायला काही नसतं, आणि घेणं-पाठवणं एकाच रेडिओवर करणारा असेल तर वेगही जवळपास निम्मा होतो. दुसरा मोबाईल बूस्टर, तो वायफायचा नव्हे, मोबाईल टॉवरचा सिग्नल वाढवतो. तो खासगीत ठेवणं आणि विकणं बेकायदा असल्याचं दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये जाहीर सांगितलं आहे. तो टॉवरलाच त्रास देतो आणि शेजारच्या वस्तीचे कॉल तुटतात.

मग करायचं काय? बाहेर बसणारे, ५ गिगाहर्ट्झचे, दिशा देणारे दोन सीपीई (अँटेना आणि रेडिओ एकाच डब्यात असलेली वायफाय यंत्रं) घ्या: एक गच्चीवर, एक आखाड्यावर, समोरासमोर. राउटरपासून वर जाणारी लॅन केबल १०० मीटरच्या आत ठेवा. त्याच केबलमधून यंत्राला वीजही जाते. आखाड्यावर राउटर वेगळा लावा, म्हणजे फोनला फक्त तिथपर्यंतच बोलावं लागेल. शेतीची लाईट ठरावीक तासच असते आणि चोर अंधारात येतो, म्हणून सोलर पॅनेल आणि बॅटरी धरूनच हिशेब करा. सीपीईला वीज थोडीच लागते. पोलला अर्थिंग द्या, आणि वळवाचं आभाळ भरून आलं की दोन्हीकडचे अॅडॉप्टर आणि राउटरला जोडलेली केबल काढून ठेवा.