मृगाच्या आत, बियाण्यासोबत

रोहिणी लागली की नागपूर जिल्ह्यातल्या गावागावांत खरिपाची यादी निघते. बियाणं, खत, वखराची पास, स्प्रे पंपाचं वायसर. पण माणसांच्या आणि ढोरांच्या जिवासाठी त्या यादीत एक ओळ नसते, आणि हे बदललंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मोवाडला ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंचच्या धरणांतून पाणी सुटलं, कन्हान फुगली आणि काठावरच्या गावांत घरंच्या घरं पाण्यात उभी राहिली. बोट आणि पथक कितीही लवकर निघालं तरी पहिले काही तास घरच्यांनाच काढावे लागतात. त्या तासांची तयारी मे महिन्यातच होते.

पुराआधी विजेचं बोलू, कारण पूर काही गावांना येतो, वीज सगळ्यांच्या वावरात पडते. थेट अंगावर पडून मरणारे थोडे असतात. बहुतेकांना ती झाडाच्या बुंध्यावरून उडी मारून लागते, नाहीतर जमिनीतून पसरत पायांत शिरते. म्हणून धुऱ्यावरच्या एकट्या महूखाली किंवा बाभळीखाली थांबणं सगळ्यात वाईट. दोन पायांत अंतर जितकं जास्त तितका झटका मोठा. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर असतं आणि करंट छातीतून जातो, म्हणून झाडाखाली बांधलेली जोडी एका झटक्यात जाते. चार खांबांवरचं उघडं टिनाचं शेड पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. ट्रॅक्टरवरही बसून राहू नये. पक्कं घर किंवा काचा लावलेली बंद गाडी, एवढ्याच जागा भरवशाच्या.

वीज चमकली की मोजायला लागा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. हातातलं काम तिथेच टाकायचं. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. चूक इथेच होते. पाऊस उघडतो, उरलेली बांधी रोवून टाकू म्हणून बायामाणसं परत चिखलात उतरतात, आणि मागे राहिलेल्या ढगातली वीज घात करते. मुकादमानं हा अर्धा तास मजुरीत धरावा, नाहीतर मजूर थांबणार कसा? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. लोकेशन चालू आणि रेंज असेल तरच ते कामाचं, म्हणून रेंजमधल्या एकानं अॅपवर नजर ठेवून वावरात फोन करायचा हे आधीच ठरवा. मोबाईल वीज ओढतो हा गैरसमज आहे. चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावणं मात्र धोक्याचं.

आसरा नसेलच तर एकमेकांपासून पन्नास-साठ फूट पांगा, पाय जुळवून चवड्यांवर उकिडवे बसा, डोकं खाली, कानांवर हात. आडवं झोपू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्या आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. अंगावर शेण थापण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

नदीकाठच्या घरांनी २०२० चं पाणी जिथवर आलं होतं तिथे भिंतीवर तेलरंगाची रेघ ओढावी. धान्याची कोठी, बियाणं, गॅस सिलिंडर त्या रेघेच्या वर. मेन स्विचही वर घ्यावा, आणि तो वायरमनकडूनच. पाणी अंगणात यायच्या आत मेन बंद करायचा. ओल्या पायानं स्विचकडे जायचं नाही. गोठ्यात एक धारदार कोयता हात पोचेल तितक्या उंच खिळ्याला टांगून ठेवा. पुरात ढोरं मरतात ती बरेचदा दाव्याला बांधलेली असतात म्हणून. ओल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही, ती कापावी लागते. मोकळं ढोर उंचवट्याकडे जातं.

पूर ओसरला की विहिरीकडे वळा. आधी पंपानं गढूळ पाणी उपसा, कारण चिखलात क्लोरीन वाया जातं. मग हिशोब. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५. व्यास ३ आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे ७० ग्रॅम. पुरानंतर निदान दुप्पट. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पाऊण बादली भरेपर्यंत पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडा आणि जोरात वरखाली करा. एका तासानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करून घ्या. टेस्टच्या नळीतला नमुना पिवळा झाला तरच विहिरीचं पाणी प्यायचं, नाहीतर पुन्हा डोस. पोत्याचं तोंड उघडं राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. ग्रामपंचायतीत असं पोतं असेल तर ग्रामसभेत विचारा.

पाण्यासोबत साप घरात येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कधी कधी दंश दिसतही नाही. खाट, आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, यावर खर्च करा.

कागद शेवटी लिहितोय, पण तेवढेच महत्त्वाचे. सातबारा, आधार, पासबुक यांच्या प्रती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत मेणबत्तीनं तोंड चिकटवून ठेवा, फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या फोनमध्ये. वीज पडून माणूस गेला तर शासनाची चार लाखांची मदत आहे, पण तिला पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. दुःखाच्या घाईत अंत्यसंस्कार उरकले जातात आणि मागे राहिलेल्या बाईला वर्षभर चकरा माराव्या लागतात. शेजाऱ्यांनीच त्या क्षणी पोलिस पाटलाला फोन करायचा असतो. ढोरांचंही तसंच: पशुवैद्यकीय डॉक्टर येईपर्यंत पुरू नका, आणि कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा प्रत्येक जनावराचा फोटो आजच काढून ठेवा.