दूध उकळूनच द्या, ती इंग्लंडची आजी काहीही सांगू दे

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, अगं आम्ही आता पिल्लूला दूध तापवून देतच नाही, कोपऱ्यावरच्या गोठ्यातून येतं ना, तसंच धारोष्ण देते, त्या इंग्लंडच्या आजीचं वाचलं नाहीस का तू? वाचलं होतं ना. मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेलं, त्याआधी इथल्या मराठी ग्रुपवर दोनदा येऊन गेलेलं. वर फोटो, गवताने शाकारलेलं घर, दारात गुलाब, खाली "१९४० च्या दशकातलं इंग्लंडच्या खेड्यातलं माझं बालपण, प्रत्येक आईने वाचावं". तेव्हा म्हटलं जाऊ दे, म्हातारं माणूस आठवणीत रमलंय तर रमू दे. पण प्रकरण चार वर्षांच्या पोराच्या पेल्यात आल्यावर गप्प कशी बसू?

ज्यांच्यापर्यंत अजून पोचलं नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी: आजी म्हणतात, दाराला कुलूप नसायचं, मुलं दिवसभर रानात, कुटुंबं एकत्र, अन्न घरचं आणि ताजं, लसी नव्हत्या तरी सगळे टुणटुणीत, आणि दूध थेट गाईखालचं, न तापवता, "आमच्यातलं कोणी कधी आजारी पडलं नाही". शेवटी मराठी करणाऱ्याची स्वतःची भर, की पाश्चात्त्यांनीच आपल्याला दूध उकळायला लावून त्यातलं सत्त्व घालवलं. अहो, आपल्या पणज्या काय पाश्चरच्या क्लासला जात होत्या का?

दुधाचंच आधी घेते, कारण बाकीचं नुसतं गोड गोड आहे, हे मात्र धोक्याचं आहे.

१९३४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या एका कमिटीचा गुरांच्या रोगांवर रिपोर्ट आला. अध्यक्ष कोण, तर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. याच माणसाने १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं की शुद्ध केलेल्या अन्नावर वाढ खुंटलेले उंदीर नुसतं थोडंसं दूध दिलं की वाढायला लागतात, आणि १९२९ चं नोबेल त्याला व्हिटॅमिनच्या कामासाठीच मिळालं. म्हणजे दुधाचं सत्त्व त्याला कोणी शिकवायला नको. त्याच्या कमिटीने काय सांगितलं, तर दुभत्या कळपांमधल्या निदान ४०% गायींना टीबीची लागण झालेली आहे आणि गाईकडून आलेल्या टीबीने देशात वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली बहुतेक लहान मुलं. वर्षाला! आणि आजींच्या गावात म्हणे कोणाला साधी शिंक आली नाही.

आमच्या इथे, इंग्लंडमधल्या सफोकमध्ये, तीन घरं सोडून एक बाई राहतात, १९३६ चा जन्म, खेड्यातच वाढलेल्या. मी त्यांना हा फॉरवर्ड इंग्रजी करून वाचून दाखवला. त्या गळ्यात कायम पातळ स्कार्फ बांधतात, मला वाटायचं थंडीचा. त्यांनी काही न बोलता तो सोडला. डाव्या जबड्याखाली, शिवण उसवून परत घाईत घातल्यासारखी ओढलेली कातडी. गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठींचा टीबी. सहा वर्षांच्या असताना गाठी कापून काढल्या. गल्लीच्या टोकाच्या शेतावरून झाकणाच्या कॅनमध्ये दूध आणायचं काम त्यांच्याकडे होतं आणि येताना झाकणात ओतून दोन घोट प्यायचे ही त्यांची मजा. गाईचा टीबी दुधातून पोटात जातो म्हणून छातीपेक्षा मानेच्या गाठी, पोट, हाडं इथे जास्त बसतो. त्यांचा मावसभाऊ मणक्याच्या टीबीने दोन वर्षं पाठीवर झोपून होता, पट्ट्यांनी बांधून. अशा मुलांसाठी हॅम्पशायरमध्ये आल्टनला १९०८ पासून वेगळं हॉस्पिटलच होतं, उन्हात व्हरांड्यात खाटा. कोणी आजारीच पडत नव्हतं तर त्या खाटांवर कोण होतं?

मग ते थांबलं कसं? गायी तपासून आणि लागण निघालेल्या कापून. १९३५ ला ऐच्छिक योजना, १९५० पासून एकेक भाग घेऊन सक्तीने, १९६० मध्ये सगळा देश झाला, आणि जोडीला पाश्चरायझेशन, म्हणजे दूध ठरावीक वेळ तापवून जंतू मारणं. आता कबूल करते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये आणेलच: इंग्लंडमध्ये कच्चं दूध आजही विकत मिळतं, कायदेशीर. पण ते टीबीमुक्त कळपातलं लागतं, थेट शेतावाल्याकडूनच घ्यायचं आणि बाटलीवर जंतू असू शकतात अशी सूचना छापावी लागते. स्कॉटलंडने तर १९८३ पासून बंदच केलंय. ताईच्या कोपऱ्यावरच्या गोठ्यातल्या गाईची अशी तपासणी कोणी आणि कधी केली? गाय तुकतुकीत दिसते हे उत्तर नाही, त्या ४०% मधल्या कितीतरी तशाच दिसत होत्या. आणि पाश्चरायझेशन म्हणजे काही राक्षसी प्रकार नाही, ७२ डिग्रीला १५ सेकंद. आपण उकळी आणतो म्हणजे त्याच्या पुढेच जातो. दूध उतू गेलं तर ओटा पुसा, बास.

लसींचं. इंग्लंडच्या लसीकरणाच्या सरकारी पुस्तकात, ज्याला ग्रीन बुक म्हणतात, आकडे आहेत: १९४० मध्ये घटसर्पाच्या ६१,००० वर केसेस, ३,२८३ मृत्यू. त्याच सुमारास लसीची देशभर मोहीम निघाली. १९५७ मध्ये केसेस ३८, मृत्यू ६. यावर अजून काय बोलू.

एकत्र कुटुंब? हे तर भाषांतर करताना आपल्याकडचं घुसडलेलं वाटतंय. केंब्रिजच्या पीटर लॅस्लेटने जुन्या याद्या तपासून काढलंय की सोळाव्या शतकाच्या शेवटापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये एका घरात सरासरी ४.७५ म्हणजे पावणेपाच माणसं, तीही नोकर धरून. खेड्यातल्या पोरी तर तेरा-चौदाव्या वर्षी दुसऱ्यांच्या घरी कामाला जायच्या.

ताजं अन्न, हे अर्धं खरं आहे, चला. परसात भाजी, कोंबड्या, एखादं डुक्कर, त्यामुळे शहरापेक्षा खेड्यात बरं होतं. पण रेशनिंग जानेवारी १९४० ते जुलै १९५४, मुलांच्या गोळ्या-चॉकलेटवरचं फेब्रुवारी १९५३ ला उठलं. आणि रानात मुलं हुंदडायची ती नुसती हुंदडायची नाहीत, बटाटे वेचायला जायची, युद्धात जंगली गुलाबाची फळं गोळा करून द्यायची, त्याचं सरकारी सिरप व्हायचं, कारण संत्री येत नव्हती. शेजारच्या बाईंना त्याचे पौंडभर वजनाला मोजून पेनी मिळायचे, ते मात्र त्या फार खुशीत सांगतात.

कुलूप नव्हतं हेही त्या कबूल करतात. म्हणाल्या, मागचं दार कायम उघडं, पण घर होतं कोणाचं? शेतमालकाचं. वडिलांची नोकरी गेली की घर गेलं, त्याला कायद्याचं धड संरक्षण १९७६ मध्ये आलं. संडास परसाच्या टोकाला, बादलीचा. आंघोळ शुक्रवारी शेकोटीपुढे पत्र्याच्या टबात, पाणी तेच, आधी वडील, शेवटी धाकटं. १९५१ च्या जनगणनेत शंभरातल्या ३७ घरांना बसवलेला टब नव्हता आणि ते शहरं धरून. फोटोतल्या गुलाबांमागे हे दिसत नाही.

एवढं सगळं मी ताईला फोनवर ऐकवलं, तर म्हणाली, बरं बाई उकळते, सायही मिळेल, पण मावशीला तू सांग. म्हणून हेच ग्रुपवर टाकलं. मावशीने हात जोडलेला इमोजी पाठवलाय. त्याचा अर्थ "पटलं" की "पुरे कर", ते कळलेलं नाही.