एक मिनिट हां, फोटो चाललाय!

पावसाळ्यातला रविवार, लोहगड, गणेश दरवाजाच्या पायऱ्या. खाली शंभर माणसं खोळंबलीत, वरून तेवढीच उतरतायत आणि मधोमध एक ताई छत्री गोल गोल फिरवत उभ्या. का? तर रील! आणि ती पण एका टेकमध्ये होईना, कारण "अगं मागे तो काका येतोय ना". अहो तो काका म्हणजे मी! गड उतरू नको तर काय, उडी मारू?

बरं थांबलो. पहिल्यांदा सौजन्य म्हणून, दुसऱ्यांदा लाज म्हणून, पाचव्यांदा पाय दुखायला लागले म्हणून. तर लगेच वरून दुसरा ग्रुप, भगवा झेंडा, सतरा जण, सतरा मोबाईल, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तोच फोटो वेगळा काढायचा, का रे बाबांनो, व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलंय का?

विंचूकाट्याचं तर बोलूच नका. गडाची पुढे गेलेली निमुळती सोंड ती, दोन्ही बाजूला दरी, निसरडं, धुकं एवढं की फोटोत नुसता पांढरा पडदा येणार, तरी टोकाला जाऊन हात पसरून उभं राहायची लाईन! आणि आपण बाजूने जरा सरकलो की "दादा, फ्रेममध्ये येताय". मी फ्रेममध्ये? तुम्ही वाटेत आहात हो!

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला आपला लोहगड, छानच झालं. पण दरवाजावरचं कोरीव काम बघायला मान वर केली की दिसतं काय, सेल्फी स्टिक.

आणि शेवटी परत मलाच, "काका, आमचा एक ग्रुप फोटो काढता का?"

काढला. मुद्दाम सगळ्यांची डोकी कापून.